भक्तपूरच्या वीटभट्टीवरचे आठ दिवस

नेपाळला निघण्याआधी महिनाभर मी आमच्या सोसायटीच्या वॉचमनदाजूंकडून नेपाळी शिकत होते. दाजू म्हणजे थोरला भाऊ. रात्री जेवणं आटोपली की मी खाली उतरायची, गेटपाशी दहा मिनिटं उभी राहायची आणि ते एकेक वाक्य घोटून घ्यायचे. 'नाम के हो?', 'खाना खायौ?', 'हात देखाऊ'. ते अकरा वर्षं आमच्या गेटवर आहेत. मूळचे अछाम जिल्ह्यातले, हे मला या महिन्यात कळलं. इतकी वर्षं मी कधी विचारलंच नव्हतं, याची फार खंत वाटली.

आमच्या ठाण्याच्या मंडळीतून, म्हणजे चर्चमधून, आम्ही सहा जण गेलो. पाळकसाहेब, सरकारी दवाखान्यात काम करणाऱ्या नर्सताई, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, तरुण संघातली एक मुलगी, एक मुलगा आणि मी. मी बँकेत नोकरी करते आणि अठरा वर्षं संडे स्कूल घेते. काठमांडूच्या खोऱ्यातल्या भक्तपूरजवळची एक मंडळी वीटभट्टीवरच्या मजुरांच्या मुलांसाठी दिवसभराचं केंद्र चालवते, तिथे मदतीला जायचं होतं. महिला मंडळाने नाताळात फराळ विकून खर्चाचा बराच भाग उभा केला. यजमानांच्या विनंतीवरून त्यांची आणि मुलांची नावं लिहीत नाही.

निघायच्या आदल्या रात्री सासूबाई म्हणाल्या, "एवढ्या लांब कशाला? आपल्या भिवंडीच्या भट्ट्यांवर पोरं नाहीत का?" मला उत्तर सुचलं नाही. तो प्रश्न मी सामानाबरोबर घेऊनच गेले.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

पहाटे ठाण्याहून निघालं की विमानतळाकडे जाताना जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड मोकळा मिळतो. विमानात डावीकडची खिडकी मागून घ्या. शेवटच्या अर्ध्या तासात ढगांच्या वर पांढरी रांग दिसते. आधी वाटतं तेही ढगच आहेत, मग लक्षात येतं की ते हलत नाहीत. पाळकसाहेबांनी स्तोत्र म्हणायला तोंड उघडलं आणि पहिल्याच ओळीनंतर गप्प झाले.

नेपाळला जायला आपल्याला व्हिसा लागत नाही, पण विमानाने जाणार असाल तर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवं. आधार कार्डाच्या भरवशावर राहू नका. आपल्या शंभर रुपयांचे तिथे एकशे साठ होतात, १९९३ पासून हाच दर बांधलेला आहे. आम्ही शंभराच्याच नोटा नेल्या होत्या. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करायचं. आणि वर्ष छप्पन्नने पुढे (एप्रिलच्या मध्यानंतर सत्तावन्नने), कारण तिथे विक्रम संवत चालतं. आम्ही उतरलो तो २०८१ च्या फागुनचा पहिला दिवस होता.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

केंद्र चालवणाऱ्या बाईंना सगळे दिदी म्हणतात. वय पस्तिशीचं असेल. त्या स्वतः भट्टीवर वाढल्या. कपाळाला नाम्लो, म्हणजे ओझं वाहायचा पट्टा लावून त्यांनी आठव्या वर्षापासून विटा वाहिल्या. आमच्याशी त्या हिंदीत बोलत होत्या. आधी चहा दिला, मग नियम सांगितले.

मुलांचे फोटो काढायचे नाहीत. कुठल्याही मुलाबरोबर एकट्याने थांबायचं नाही. कुणा एकाला वेगळी भेटवस्तू द्यायची नाही. जुन्या कपड्यांच्या बॅगा आणल्या असतील तर त्या परत न्यायच्या, लागेल ते भक्तपूरच्या दुकानातून घेऊ, म्हणजे इथल्या दुकानदाराचं घर चालेल. आणि शेवटचा नियम: "जाताना 'परत येऊ' म्हणायचं नाही. मागच्या वर्षी एक गट म्हणून गेला. एक मुलगा दीड महिना रोज रस्त्याकडे बघत बसायचा."

मग कायद्याचं बोलणं झालं. नेपाळच्या २०१५ च्या राज्यघटनेत आपला धर्म पाळायचं स्वातंत्र्य आहे, पण त्याच २६व्या कलमात दुसऱ्याचं धर्मांतर करायला मनाई आहे. २०१८ मध्ये लागू झालेल्या फौजदारी कायद्यात त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे. म्हणून केंद्रात अक्षरं, आकडे, गाणी, जेवण आणि आरोग्य एवढंच. बायबलची गोष्ट फक्त शनिवारी, मंडळीच्या घरात, आईबापांबरोबर आलेल्या मुलांना. माझा चेहरा पडलेला दिदींना दिसला असावा. त्या म्हणाल्या, "लेकरांना माझ्याजवळ येऊ द्या असं प्रभू म्हणाला, तेव्हा त्याने त्यांना काही विचारलं नाही. कवटाळलं आणि त्यांच्यावर हात ठेवले." मार्कच्या दहाव्या अध्यायातला हा भाग मी मुलांना कितीतरी वेळा शिकवला आहे. असा कधी वाचला नव्हता.

अशा सहलीला जाणाऱ्या इतर मंडळ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, हे नियम यजमानांनी सांगायची वाट पाहू नका, आधीच विचारून घ्या. आणि 'अनाथाश्रमाला भेट' असा कार्यक्रम कुणी आखून दिला तर नाही म्हणा. तिथल्या कितीतरी मुलांचे आईवडील हयात असतात. पाहुणे आणि देणग्या येत राहतात, म्हणून मुलं घरापासून तोडली जातात.

दुपारी भट्टीवर गेलो. काठमांडूचं खोरं म्हणजे एके काळचा तलाव, त्यामुळे माती चिकट आणि काळसर. पिकांच्या दोन शेतांमध्ये अचानक लाल जमीन सुरू होते, मध्ये उंच चिमणी, भोवती कच्च्या विटांच्या रांगा. बाया उकिडव्या बसून साच्यात मातीचा गारा दाबतात, हाताने वरून सपाट करतात, साचा उपडा करतात. वीट पडते ती ओली आणि चकचकीत. पुढची माणसं त्या उलटतात, वाळलेल्या विटा खेचरांवर लादल्या जातात. मजुरांच्या झोपड्या विटांच्याच, मातीने न सांधता नुसत्या रचलेल्या, वर पत्रा. आत शिरताना मान वाकवावी लागते.

आमच्या निवृत्त बाई त्या झोपडीसमोर उभ्याच राहिल्या. "हा भोंगा आहे," त्या म्हणाल्या. आपल्याकडे वीटभट्टीवरच्या अशा झोपडीला भोंगा म्हणतात. त्यांची निम्मी नोकरी भिवंडी तालुक्यात गेली. दिवाळी झाली की त्यांचा वर्ग रिकामा व्हायचा, कातकरी कुटुंबं उचल घेऊन भट्टीवर जायची ती पावसाच्या तोंडावर परतायची. विधायक संसद संस्थेने ठाणे जिल्ह्यातल्या भट्ट्यांवर मुलांसाठी भोंगा शाळा चालवल्या, त्या बाईंनी पाहिलेल्या. इथे उचलीला पेश्की म्हणतात आणि मुकादमाला नाइके. दसैं-तिहार, म्हणजे दसरा-दिवाळी, झालं की रोल्पा, सर्लाहीसारख्या जिल्ह्यांतून माणसं येतात, आपल्या बिहारातूनही येतात. हजार विटांमागे पैसे, त्यातून पेश्की वळती. बाई आणि दिदी दोघी विटांच्या ढिगावर बसून बोलत राहिल्या. एक शब्द इकडचा, एक तिकडचा.

शनिवार, १५ फेब्रुवारी

आम्ही गेलो तेव्हा नेपाळमध्ये साप्ताहिक सुट्टी शनिवारी होती, रविवारी शाळा-कचेऱ्या चालू. त्यामुळे उपासनाही शनिवारी. चपला बाहेर, जमिनीवर गालिचा, एका बाजूला बाया, दुसऱ्या बाजूला पुरुष, पुढे मादल आणि गिटार. भेटलं की 'जय मसीह' म्हणायचं. शेजारच्या आजींनी त्यांचं बायबल माझ्या मांडीवर सरकवलं. देवनागरी लिपी, त्यामुळे मी त्यांच्याबरोबर मोठ्याने वाचू शकले. अर्थ निम्मा कळला, उच्चार सगळे आले. बंगालमधल्या सेरामपूरच्या ज्या छापखान्यातून १८११ मध्ये मराठी नवा करार निघाला, तिथूनच १८२१ मध्ये नेपाळी निघाला. हे पाळकसाहेबांनी सांगितलं तेव्हा त्या आजी हसून म्हणाल्या, म्हणजे आपण एका घरच्या.

उपासनेनंतर दिदींनी भिंतीतली एक भेग दाखवली. २५ एप्रिल २०१५, भूकंपाचा दिवस, तोसुद्धा शनिवार होता. दुपारचे बारा वाजायला चार मिनिटं होती. शाळा बंद होत्या म्हणून असंख्य मुलं वाचली. पण मंडळ्या उपासनेला जमलेल्या होत्या आणि काही ठिकाणी छप्पर प्रार्थना करणाऱ्यांवरच आलं. त्या भूकंपात नेपाळात जवळपास नऊ हजार माणसं गेली. पुढे घरं परत बांधायला विटा लागल्या, आणि त्या थापायला पुन्हा हीच माणसं. दिदींनी भेग बुजवू दिलेली नाही. त्या दिवशी या घरातून सगळे बाहेर पडू शकले, त्याची ती आठवण.

जेवण मंडळीतच. दाल, भात, तरकारी, मुळ्याचं लोणचं आणि गुन्द्रुक. गुन्द्रुक म्हणजे मोहरीचा किंवा मुळ्याचा पाला आंबवून वाळवतात, त्याचं आंबट सार. थंडीत दोन वाट्या प्यायले. वाढणाऱ्या आमांनी, म्हणजे आईंनी, आमच्या तरुण मुलाला विचारलं, "मिठो छ?" त्याला वाटलं, मिठाचं विचारतायत. तो प्रामाणिकपणे म्हणाला, "थोडा कम है." आमांचा चेहरा पडला. मिठो म्हणजे चविष्ट, हे कळल्यावर त्याने उठून त्यांची माफी मागितली आणि त्यांनी त्याच्या भातावर तूप ओतलं. बाहेर मोमो खाणार असाल तर आधी विचारा, बहुतेक ठिकाणी म्हशीच्या मांसाचे असतात.

रविवार ते मंगळवार

हे तीन दिवस म्हणजे आमचं खरं काम, आणि पहिल्याच दिवशी माझ्याकडून चूक झाली.

केंद्र म्हणजे पत्र्याची लांब खोली. तीन ते दहा वर्षांची तीसेक मुलं, दोन स्थानिक शिक्षिका. मी अठरा वर्षांच्या सवयीने सरळ पुढे उभी राहिले. कृतिगीत घेतलं, टाळ्या, उड्या, मुलं खूश. मध्येच माझं लक्ष गेलं. त्यांची रोजची शिक्षिका, वीस-बावीस वर्षांची मुलगी, मागच्या भिंतीला टेकून उभी होती. हात मागे बांधलेले. तिच्या वर्गात ती पाहुणी झाली होती.

संध्याकाळी दिदी एवढंच बोलल्या, "तुम्ही शुक्रवारी असणार नाही. ती असणार आहे." मला रात्री झोप आली नाही. सोमवारी सकाळी मी तिची क्षमा मागितली आणि विचारलं, तुला काय हवंय? तिला आकड्यांची कार्डं हवी होती. मग मी दोन दिवस कोपऱ्यात बसून पुठ्ठे कापले. ती पुढे, मी मागे. जे गाणं मी शिकवलं होतं ते तिने नेपाळीत बसवलं, आणि माझ्यापेक्षा चांगलं घेतलं, कारण तिला ठाऊक होतं की खिडकीजवळची दोघं भावंडं घरी खाम भाषा बोलतात आणि मागची चार मुलं मैथिली. आम्ही ठाण्याहून घोटून आणलेलं नेपाळी त्यातल्या निम्म्यांना नीट कळतच नव्हतं. बिहारकडच्या मुलांशी मात्र आमचं हिंदी चाललं.

बाईंनी संध्याकाळी दोघी शिक्षिकांना बाटलीच्या झाकणांवरून बेरीज कशी शिकवायची ते दाखवलं. भिवंडीत त्या हेच चिंचोक्यांवर शिकवायच्या. मुलांची नखं कापून, खोकला तपासून नर्सताईंनी एक वही केली. कुणाला कधीपासून खोकला, कुणाचं वजन किती, कुणाला दवाखान्यात न्यायचं. ती वही आता केंद्रात आहे. आम्ही मागे ठेवलेल्या वस्तूंपैकी सर्वात उपयोगाची तीच असेल.

सकाळी कडाक्याची थंडी, दुपारी स्वेटर काढावा इतकं ऊन, आणि दिवसभर धूळ. मुलांचे गाल उलून लाल झालेले, कोंड्यासारखे सोलवटलेले. रोज सकाळी हात धुतले की ती रांगेत यायची आणि आम्ही व्हॅसलिन लावायचो. एक पाच वर्षांची मुलगी होती, तिच्या गालावर भेग पडून रक्त सुकलेलं. बोट लावलं की चुरचुरत असणार, तरी ती हलायची नाही. डोळे मिटून चेहरा वर धरायची, आपल्याकडे मुलं पावसाकडे धरतात तसा. माझं बोट पुरं होईपर्यंत श्वास रोखायची आणि मग एकदम सोडायची. मंगळवारी तिने डबी माझ्या हातातून घेतली, माझ्या गालाला लावलं आणि दुसऱ्याही गालाला लावून घे असं खुणेने सांगितलं.

फेब्रुवारीत जाणाऱ्यांनी जाड मोजे, कानटोपी आणि मास्क न्यावा. धुळीचा त्रास थंडीपेक्षा जास्त होतो. व्हॅसलिन तिथेच घ्या.

बुधवार, १९ फेब्रुवारी

आपल्याकडे शिवजयंती. तरुण मुलाने पहाटे उठून खोलीत मोबाइलवर महाराजांचं चित्र लावलं आणि आम्ही सहाही जण त्यापुढे क्षणभर उभे राहिलो. परदेशात महाराष्ट्र जरा जास्तच जवळ येतो. नेपाळातही सुट्टी होती, फागुन ७, प्रजातन्त्र दिवस. १९५१ मध्ये याच तिथीला राणा घराण्याची सत्ता संपली. तोवर हा देश बाहेरच्यांना जवळपास बंदच होता. १९५४ मध्ये युनायटेड मिशन टू नेपाळ सुरू झालं, दवाखाने आणि शाळा उभारण्यासाठी. १९८२ मध्ये सुरू झालेलं पाटण हॉस्पिटल त्याच कामातलं. दिदींचा मुलगा तिथे जन्मला.

शाळांना सुट्टी, भट्टीला नाही. म्हणून केंद्रही चालू ठेवलं. त्या दिवशी पुढे दोघी शिक्षिकाच होत्या, आम्ही भांडी घासली आणि पत्र्याच्या फटी पुठ्ठ्याने बुजवल्या.

निघताना ती गालाची मुलगी दारात आली. "फेरि कहिले आउनुहुन्छ?" परत कधी येणार. दाजूंनी मला हे वाक्य शिकवलं होतं, त्यामुळे कळलं नाही असं म्हणायची सोयही नव्हती. जिभेवर 'लवकरच' आलं होतं. मी तिच्या शिक्षिकेकडे बघितलं आणि म्हटलं, "दिदी भोलि पनि आउनुहुन्छ." दिदी, म्हणजे तिची शिक्षिका, उद्यासुद्धा येणार आहेत. तिने मान वळवून शिक्षिकेकडे पाहिलं, खात्री केली आणि आत पळाली. मला तिला कवटाळायचं होतं. हात जोडले आणि गाडीत बसले.

दुपारनंतर भक्तपूर शहर पाहिलं. तिकीट आहे, सार्क देशांसाठी दर कमी, ओळखपत्र जवळ ठेवा. १७०२ मधलं न्यातपोल मंदिर पाच छपरांचं, १९३४ आणि २०१५ या दोन्ही भूकंपांत टिकून राहिलेलं. कुंभारांच्या चौकात ओली मडकी उन्हात मांडलेली असतात. मातीच्या कुंड्यात लावलेलं जुजु धौ, म्हणजे दह्यांचा राजा, खाल्ल्याशिवाय येऊ नका. आपल्या खरवसासारखं घट्ट असतं. बाईंनी रिकामं कुंडं पुसून पिशवीत ठेवलं.

गुरुवार, २० फेब्रुवारी

परतताना उजवीकडची खिडकी. या वेळी धुरकं होतं, काही दिसलं नाही.

घरी पोचल्यावर सासूबाईंना सांगितलं, तुमचा प्रश्न बरोबर होता. मार्चमध्ये मी आणि नर्सताई बाईंबरोबर भिवंडीच्या पलीकडच्या एका भट्टीवर जाऊन आलो. पहिल्या दिवशी फक्त विचारलं की इथे मुलांसाठी कोण येतं. एक अंगणवाडी सेविका येते, लांबून, स्वतःच्या पैशाने रिक्षा करून. आता तिच्याशी बोलणं चालू आहे.

त्या गुरुवारी रात्री मी गेटवर गेले. दाजूंसाठी अर्धा किलो गुन्द्रुक आणलं होतं. त्यांनी विचारलं, "काठमांडू कसं आहे?" मला वाटलं, ते गंमत करतायत. तेव्हा कळलं की त्यांनी काठमांडू कधी पाहिलेलंच नाही. अछामहून धनगढीला उतरायचं, सीमा ओलांडायची आणि सरळ मुंबईची गाडी धरायची. चोवीस वर्षांचं येणं-जाणं, सगळं याच वाटेने. मी त्यांना मोबाइलवर न्यातपोल दाखवलं. त्यांनी बोटांनी ते मोठं केलं, पायऱ्या मोजल्या, मग पिशवीची गाठ सोडून आत नाक घातलं आणि बराच वेळ वर काढलं नाही.